सगळ्यात गार जागा

मी एक जुना फ्रीज आहे. एका दाराचा आणि पांढऱ्या रंगाचा, पण आता मला पांढरा म्हणायलाही धीर लागतो. औषधाच्या दुकानामागच्या बोळात मी उभा आहे. माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली आहे आणि माझ्या पोटात रिकामी खोकी कोंबली आहेत. येता-जाता कुणी माझ्याकडे बघत नाही. खरं सांगू का मित्रांनो, कुणी बघू नये असंच मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, जुन्या वस्तूंची ही रडगाणी आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. तरुणपणी कौतुक आणि म्हातारपणी अडगळ. तसं नाही हो! मला अडगळीत टाकलं याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही. माझ्याकडे एका मुलीचं औषध ठेवायला दिलं होतं, ते मी खराब केलं, आणि खापर मात्र त्या मुलीच्या डोक्यावर फुटलं. एवढीच माझी गोष्ट. सांगताना मी मध्येच थोडी फुशारकी मारीन, तेवढी खपवून घ्या. ती माझी जन्माची खोड आहे आणि तिनंच घात केला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, त्यावर रंग फवारला, पाठीला काळ्या नळ्यांची जाळी लावली आणि खाली कॉम्प्रेसर बसवला. शेवटी तपासणीला एक माणूस आला. त्यानं माझ्यात हात घातला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाला, "वा! हा गडी चांगला गार आहे." माझ्या कानावर पडलेले ते पहिले शब्द. माणसाच्या बाळाला जन्मल्यावर काय सांगतात ते मला ठाऊक नाही, पण मला एवढंच कळलं की गार असणं म्हणजे चांगलं असणं. जितकं गार, तितकं चांगलं. पुढे कुणी मला वेगळं काही शिकवलं नाही.

पहिली काही वर्षं मी एका घरात काढली. कालची भाजी, कापून उरलेलं लिंबू, दुधाचं पातेलं, असा सगळा किरकोळ कारभार. मग त्या घरात दोन दारांचा मोठा फ्रीज आला आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथून मला बाईंनी आणलं.

बाई म्हणजे या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई. उंच, काटकुळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं असं फटकळ की पहिल्यांदा आलेलं माणूस दचकायचं. पण आत माया होती. वस्ती होतीच तशी. मागे कारखान्यांची लांबच लांब भिंत, पुढे उघडं गटार, आणि मध्ये पत्र्याच्या छपरांची एकमेकांना चिकटलेली घरं. एका खोलीत सहा-सात माणसं. नळाला सकाळी तासभर पाणी. मोठा दवाखाना दोन बस बदलून गेल्यावर, आणि तिथे गेलं की अख्खा दिवस रांगेत. त्यामुळे ताप आला, चला बाईंकडे. बोट कापलं, बाईंकडे. नवरा दोन दिवस बोलत नाही, तरी बाईंकडेच! ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर बाई पेनानं चित्रं काढून देत. उगवता सूर्य म्हणजे सकाळी, चंद्राची कोर म्हणजे रात्री, आणि ताटली काढली असेल तर पोटात अन्न गेल्यावर. त्यांची ताटली बटाट्यासारखी दिसे, पण लोकांना कळायची.

आणि मी? मी त्या वस्तीतला एकुलता एक फ्रीज होतो, मित्रांनो. थट्टा नाही. ज्यांची औषधं थंड ठेवावी लागत, त्यांच्या घरी तापलेल्या पत्र्याखाली ती टिकणार कशी? म्हणून बाईंनी एक रीत पाडली होती. औषध तुमचं, जागा आमची. लोक आपापलं औषध माझ्याकडे ठेवून जात आणि वेळेला येऊन घेत. ओळखायला प्रत्येकाची खूण असे. कुणाचं लाल रबर, कुणाची सुतळी, कुणाच्या खोक्यावर पोराच्या हातचं वेडंवाकडं फूल. धोबिणीचे डोळ्यांचे थेंब, बाळंतिणीच्या बाळाचं पातळ औषध, गोदामाच्या राखणदार आजोबांचं साखरेच्या आजाराचं इन्सुलिन. दार उघडलं की बायका माझ्यासमोर क्षणभर रेंगाळत, तोंडावर गार वारा घेत आणि म्हणत, "अगंबाई, काय सुख आहे!" मी फुलून जायचो. घरघर जरा जोरात करायचो.

माझ्यातली सगळ्यात गार जागा म्हणजे वरचा कप्पा. बर्फाच्या पेटीच्या अगदी खाली, मागच्या भिंतीला लागून. ती मानाची जागा होती. तिथे राखणदार आजोबांचं इन्सुलिन असे, कारण ते सगळ्यांत म्हातारे आणि त्यांचं औषध सगळ्यांत नाजूक.

मग एका हिवाळ्यात बडबडी आजारी पडली.

बडबडी ही शिवणकामवालीची मुलगी. नऊ वर्षांची. तिला सगळी वस्ती बडबडीच म्हणायची, तिची आईसुद्धा, आणि ते नाव तिनं कष्टानं कमावलं होतं. तिचं तोंड कधी मिटलेलं मी पाहिलं नाही. तिला वडील नव्हते. आई दिवसभर मशीनवर लोकांचे कपडे शिवायची आणि ही बाजूला बसून आईला जगातल्या बातम्या पुरवायची. त्या हिवाळ्यात ती वाळत चालली, सारखं पाणी मागू लागली, अंथरुणात ओलं करू लागली. बाईंनी तिच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब तपासला आणि स्वतःच रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेली. लहान वयातला साखरेचा आजार निघाला. आता जन्मभर रोज दोनदा इन्सुलिन टोचायचं. चुकलं तर जीव जाईल, असं डॉक्टरांनी आईला सरळ सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शिवणकामवाली औषधाची बाटली घेऊन दुकानात आली. तिनं बाटलीसाठी निळ्या कापडाची छोटी पिशवी शिवली होती, वर पितळी बटण.  राखणदार आजोबा तिथेच स्टुलावर बसले होते. ते उठले, माझं दार उघडलं आणि मागच्या जागेवरचं आपलं खोकं काढून दाराच्या कप्प्यात ठेवलं.

"बाई, माझी जागा पोरीला द्या," ते म्हणाले. "मी काय, दारात बसेन. आयुष्यभर दारातच तर बसलोय!"

सगळे हसले. शिवणकामवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. निळी पिशवी मागे, सगळ्यात गार जागी गेली. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मुलगी सुधारली. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती यायची, बाई तिच्या दंडात किंवा मांडीत सुई टोचायच्या. आईला सुई बघवत नसे, म्हणून ते काम बाईंकडे. सुई आत जाईपर्यंतही बडबडीचं तोंड चालूच.

"काकू, गारठोबाला थंडी वाजत नाही का हो?"

"कोण गारठोबा?"

"हा तुमचा फ्रीज! बघा ना, कसा कुडकुडतोय."

गारठोबा! तेव्हापासून पोरंसोरं मला गारठोबाच म्हणू लागली. मला ते नाव मनापासून आवडायचं. गाल भरले तिचे. शाळेत जाऊ लागली. शिवणकामवाली येईल त्याला सांगायची, "बाईंनी आणि या फ्रीजनं माझी पोर राखली." मी असा काही मिरवायचो की विचारू नका.

उन्हाळा लागला आणि मी बिघडलो. मध्येच बंद पडायचो, चालूच व्हायचो नाही. बाईंचं धाबं दणाणलं. आत इतक्या जणांचा जीव! त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री चांगला माणूस, हात साफ. त्यानं मला पुढे ओढलं, मागे पालथा झाला आणि म्हणाला, "थर्मोस्टॅट गेलाय, बाई. किती गार झालं की थांबायचं, ते यालाच कळतं. आणि एवढ्या जुन्या फ्रीजचा तो मिळत नाही आता."

"मग?"

"तो काढून डायरेक्ट करून देतो. लाइट आहे तोवर हा थांबणारच नाही."

बाईंनी विचारलं बरं का! त्या औषधातल्या जाणत्या होत्या. त्या म्हणाल्या, "पण फार गार नाही ना होणार? इन्सुलिन गोठून चालत नाही."

"बाई, या उन्हाळ्यात फार गार?" मिस्त्रीनं कपाळावरचा घाम पुसला. "झाला तर मीच येऊन बसतो आत!"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. तरी बाईंनी हयगय केली नाही. एक थर्मामीटर आणून माझ्या दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यासमोर दिसेल असा लटकवला आणि आठवडाभर सकाळ-दुपार बघितला. सहा अंश. दोन आणि आठच्या मध्ये पाहिजे, सहा आहेत, छान. बाईंचा जीव भांड्यात पडला.

दारात सहा होते, मित्रांनो. मागच्या भिंतीला किती होते, ते बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उन्हाच्या धास्तीनं सगळे हैराण होते. गारव्याची धास्ती त्या वस्तीत कोण घेणार?

दिवसा माझं दार शंभर वेळा उघडायचं, त्यामुळे बरं चालायचं. दुकान बंद झालं की मात्र मला थांबवणारं कुणी नसे. मी घुमत राहायचो. मागची भिंत बर्फानं पांढरी व्हायची आणि निळ्या पिशवीतली बाटली गोठून दगड व्हायची. पहाटे पाचला वस्तीची वीज जायची ती थेट नऊला यायची. बाई साडेआठला दुकान उघडेपर्यंत बाटलीतलं औषध वितळून पुन्हा पाण्यासारखं झालेलं असे. दिसायला स्वच्छ, नितळ. पिशवी जरा ओलसर लागायची. बाई म्हणायच्या, "बघ, कसं गारेगार ठेवलंय तुझं औषध." आणि मी! मी स्वतःची पाठ थोपटत होतो. औषधाचा बर्फ करून दाखवला, असा फ्रीज दुसरा आहे का कुठे? गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी त्याचा जोर गेलेला असतो, हे मला कुठलं ठाऊक! त्या मुलीला रोज दोन वेळा जवळपास पाणी टोचलं जात होतं.

तिची साखर चढू लागली. आधी थोडी, मग भसाभस. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण वाढवलं. तरी चढलीच. त्यांनी पुन्हा वाढवलं आणि आईला बजावलं, "घरात चोरून गोड खाते का बघा. या वयाची मुलं खातात. लक्ष ठेवा."

झालं! तिथून पुढे सगळ्यांना उत्तर सापडलं. शिवणकामवालीनं साखरेचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला. शाळेत सांगून ठेवलं. किराणा दुकानदाराला सांगितलं, हिला गोळी-बिस्किट देऊ नका. बडबडी कुठेही गेली की लोक तिच्या हाताकडे बघायचे. बाईंनाही एकदा शंका आली होती, औषधातच काही खोट नसेल ना? पण राखणदार आजोबांची साखर अगदी ताब्यात होती. तेच औषध, तोच कारखाना, तोच फ्रीज. मग औषध कसं वाईट असेल? आजोबांची बाटली दारात होती आणि मुलीची मागे, एवढाच फरक होता. तो कुणी मोजला नाही.

एका संध्याकाळी बाईंनी मुलीचं बोट टोचलं आणि यंत्रावरचा आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मुलीला समोर स्टुलावर बसवलं. शिवणकामवाली बाजूलाच उभी होती.

"हे बघ, मी रागावणार नाही. काय खाल्लंस?"

"काही नाही, काकू."

"बिस्किट?"

"नाही."

"साखर? गूळ? मैत्रिणीनं काही दिलं?"

"नाही, नाही. आईशपथ नाही!"

शिवणकामवालीचा हात उठला तो मुलीच्या गालावरच पडला. फाडकन. "माझी शपथ घेतेस? माझी खोटी शपथ घेऊन खातेस? मला मारायला निघालीस?"

तिनं आधी पोरीला कधी बोटही लावलं नव्हतं. तिला मुलीचा राग नव्हता हो, ती घाबरली होती. रात्रंदिवस मशीनवर वाकून, पोर जगावी म्हणून धडपडत होती, आणि पोर ऐकत नाही असं तिला वाटत होतं. बाईंनी तिचा हात धरला, पण त्यांनीही मुलीला म्हटलंच, "खरं सांगून टाक ना, बाळा."

त्यानंतर बडबडीची बडबड थांबली. ती यायची, दंड पुढे करायची, सुई टोचून घ्यायची आणि जायची. रोज कुणी ना कुणी विचारायचं. आई विचारायची, बाई विचारायच्या, आजोबासुद्धा चुचकारून विचारायचे. ती मान हलवून म्हणायची, नाही. इतकी वाळली की फ्रॉक खांद्यावरून घसरायचा. आई बोलत नसे तिच्याशी. माझ्यासमोर उभ्या राहिल्या की दोघींत एक माणूस मावेल एवढं अंतर असायचं.

एकदा बाई गिऱ्हाइकाशी बोलत होत्या आणि आई बाहेर उभी होती, तेव्हा ती माझ्याजवळ आली. आपलं कपाळ तिनं माझ्या दारावर टेकवलं. कपाळ तापलेलं होतं.

"गारठोबा," ती हळूच म्हणाली, "मी हो म्हणून टाकू का? खाल्लं म्हणून? म्हटलं की आई थांबेल विचारायची. बोलेल माझ्याशी."

मी काय करणार? मी घरघरलो. ती माझी नेहमीचीच घरघर होती, पण तिला तो होकार वाटला असावा. तिनं माझ्या दारावर दोनदा थोपटलं, बाहेर गेली आणि आईला म्हणाली, "आई, मी साखर खाल्ली. शेजारच्या काकूंकडची. रोज खाते."

आणि मित्रांनो, काय सांगू! शिवणकामवाली मटकन पायरीवर बसली, तिनं मुलीला ओढून कुशीत घेतलं आणि रडत रडत तिचे मुके घेतले. "आधीच सांगायचं ना गं! कुणी खाणार होतं का तुला? आता नाही हं खायचं, सोन्या. आता आपण दोघी मिळून लक्ष ठेवू." बाईंनी डोळे पुसले. आजोबा म्हणाले, "चला, सुटलो एकदाचे." सगळ्यांना इतकं हलकं वाटलं की दुसरं कारण शोधायची गरजच कुणाला उरली नाही. मलाही बरं वाटलं. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

पाच दिवसांनी तिला उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात लागला. बाईंनी दुकान उघडं टाकून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी राखणदार आजोबा एकटेच आले. स्टुलावर बसले.  मग त्यांनी नुसता हात हलवला, आणि काउंटरमागे बाईंनी तोंडाला पदर लावला. नऊ वर्षांची होती ती.

वस्ती हळहळली. सांत्वनाला येणाऱ्या बायकांना शिवणकामवाली एकच सांगायची, "पोरीनं जीभ आवरली नाही हो. शेवटी तिनंच कबूल केलं." तिच्या डोळ्यांत पाणी नसायचं. तेवढाच राग तिला उभं धरून होता.

पंधरा दिवसांनी वस्तीतली वीज पहाटेची जायची थांबली. त्या सकाळी साडेआठला बाईंनी माझं दार उघडलं. मुलीची निळी पिशवी अजून मागेच होती, ती काढायचा धीर त्यांना झाला नव्हता. आज त्यांनी हात घातला आणि ओढली, तर निघेना. भिंतीच्या बर्फाला चिकटली होती. जोर लावून ओढली तेव्हा फाटली. आतली बाटली पांढरी फटक, दगडासारखी.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दारातला थर्मामीटर काढला आणि मागे ठेवला. दार लावलं. अर्ध्या तासानं उघडलं. शून्याच्या खाली चार.

त्या जमिनीवर बसल्या. गिऱ्हाईक हाका मारत होतं, त्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय केलं होतं. जन्मभर ज्याचा गर्व केला त्यानंच एक मूल गिळलं. मी त्या क्षणी बंद पडायला हवं होतं. पण मला डायरेक्ट केलं होतं ना! मी घुमतच राहिलो.

बाईंनी आधी आजोबांना सांगितलं. ती जागा त्यांनीच दिली होती. म्हाताऱ्याचा चेहरा बघवत नव्हता.

"तिच्या आईला सांगू नका," ते म्हणाले. "जगायची नाही ती. आता निदान पोरीवर रागावून तरी उभी आहे."

"आणि पोरीचं काय?" बाई म्हणाल्या. "मेलेल्या पोरीच्या माथ्यावर चोरीचा आळ तसाच ठेवू? माझ्या चुकीपायी?"

 बाई गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. त्यांचं दुकान, त्यांचा मान, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. त्यांनी दुपारी शिवणकामवालीला बोलावलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"तुझ्या पोरीनं काही खाल्लं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"खाल्लं होतं, बाई. ती स्वतः म्हणाली."

"नव्हतं गं. औषध गोठत होतं. माझ्या फ्रीजमध्ये. गोठलं की त्यातला जोर जातो. मी तिला रोज पाणी टोचत होते. माझ्या हातानं." बाईंचा एरवीचा फटकळ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी दारात बघत राहिले. मागे बघितलंच नाही. तुला काय शिक्षा करायची ती मला कर."

शिवणकामवाली ओरडली नाही. ती उठली, माझं दार उघडलं आणि हात आत घालून मागच्या भिंतीवर ठेवला. बर्फावर तळवा तसाच दाबून धरला. बाईंनी तिचा हात बाहेर काढला तेव्हा तो लालभडक झाला होता.

"माझी शपथ घेतली होती तिनं," ती म्हणाली. "म्हणजे खरी घेतली होती."

"हो."

"आणि मी मारलं."

 मग तिनं बाईंकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग ती हो का म्हणाली?"

आजोबांनी मान खाली घातली.  उत्तर फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

तिचं तिलाच ते सापडलं. हळूहळू. मी तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना पाहिलं, मित्रांनो, आणि असं दृश्य वैऱ्यालाही दिसू नये.

"त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं होतं, बाई," ती म्हणाली. "त्याआधी महिनाभर घेतलं नव्हतं."

बाईंनी माझी वायर उपटली ती त्याच दुपारी. मिस्त्री आला, ऐकून कपाळाला हात लावून बसला. त्याला कुणी बोल लावला नाही. आम्हा सगळ्यांच्या हातून थोडं थोडं झालं होतं, मग कुणी कुणाला बोलायचं? मला मागच्या बोळात आणून ठेवलं. बाई अजून दुकान उघडतात, पाकिटांवर सूर्य-चंद्र काढतात, पण दोनदा तपासून मगच पाकीट हातात देतात. दुसरा फ्रीज आला आहे, त्याच्या चारी कोपऱ्यांत थर्मामीटर आहेत. तरी लोक त्यात औषधं ठेवायला कचरतात. ओल्या फडक्यात गुंडाळून घरीच ठेवतात, आणि ती तापलेल्या पत्र्याखाली खराब होतात. धोबिणीचा एक डोळा गेला, असं परवा कानावर आलं. आजोबा आपलं इन्सुलिन टोचून घ्यायला येतात, पण बाईंना दटावून बोलवावं लागतं. शिवणकामवाली मशीन डोक्यावर घेऊन वस्ती सोडून गेली. कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही.

मित्रांनो, शेवटी माझ्यासारख्यानं काहीतरी मागायचं असतं. मला पुसा, मला जपा, असलं काही मी मागत नाही. माझा पत्रा गंजू दे. तुमच्या घरी कुणाचं औषध फ्रीजमध्ये असेल तर एकदा मागच्या भिंतीला हात लावून बघा, इतकं करा. आणि दुसरं मागणं याहून मोठं आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी एखादं मूल "मी नाही केलं" म्हणत असेल, तर त्याला विचारताना उत्तर आधीच ठरवून बसू नका. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात अधिकार येईल, तेव्हा तर मुळीच बसू नका. माझ्यासमोर उभी राहून ती मुलगी एकेचाळीस वेळा "नाही" म्हणाली. मी मोजलं होतं. "हो" ती एकदाच म्हणाली, आणि तेवढ्यावर आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला.